रातांब्याच्या यंत्राचं पेटंट काढताना

पेटंट काढलं असं कळलं की आमच्या कुडाळात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा, म्हणून तो आधी सांगून टाकते. कंपनी न काढता स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी 1600 रुपये. त्यात 30 पानं आणि 10 क्लेम बसतात; क्लेम म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारं वाक्य. त्यापुढे प्रत्येक पानाला 160 आणि प्रत्येक क्लेमला 320. अर्ज तपासला जावा म्हणून वेगळी मागणी करावी लागते, तिचे 4000. तपासणी लवकर हवी असेल तर 8000, आणि सोबत लवकर प्रसिद्धीचे 2500. अर्जाचं काम बघणाऱ्या पेटंट एजंटची फी या सगळ्याच्या वर, आणि ती माणसागणिक वेगळी. दमछाक झाली ती मात्र यंत्रात नवीन नेमकं काय, हे एका वाक्यात लिहायला बसले तेव्हा.

यंत्र रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं आहे. मी मालवणच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि लग्नानंतर सासऱ्यांच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये बसायला लागले. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेड, मधेच कुणाच्या पॉवर टिलरचं मोडलेलं ब्रॅकेट. सासूबाईंचा उद्योग त्याच आवारात, पडवीत: सोलां (वाळवलेल्या साली), आगळ (मीठ घातलेला रस), बियांचं भिरंडेल (तेल). एप्रिल संपत आला की टोपल्याच्या टोपल्या रातांबे येऊन पडतात, आणि पाऊस लागायच्या आत सगळं फोडून, पुन्हा पुन्हा रसात बुडवून, उन्हात वाळवून झालं पाहिजे. रातांबा दाबून किंवा सुरीने दोन अर्ध करायचा, अंगठ्याने गरासकट बिया काढायच्या, साल एकीकडे, बी एकीकडे. आंबट रस दिवसभर हातावर. संध्याकाळपर्यंत नखांच्या कडा सोलवटलेल्या असतात, आणि त्याच हातांनी आगळात मीठ घालायचं. या कामाला बायका मिळत नाहीत अशी तक्रार सगळे करतात. त्यांची बोटं कुणी बघत नाही.

अडचण धातूपासूनच सुरू झाली. साधं लोखंडी पातं रातांब्याच्या आम्लाला टिकत नाही, आणि लोखंड लागलेली साल काळपट पडते. म्हणून 304 या प्रकारच्या स्टेनलेसचं पातं केलं; बाजारातली बरीचशी भांडी आणि टाक्या याच स्टीलच्या असतात. पण आमच्याकडे आम्लाच्या जोडीला मीठ आणि वर समुद्राची हवा. हंगाम संपल्यावर कोपऱ्यात ठेवलेल्या पात्यावर चतुर्थीपर्यंत बारीक तपकिरी ठिपके उमटले. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याखाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. स्टेनलेसला जो क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा राखत असतो, त्याला मिठातलं क्लोराइड अशीच भोकं पाडतं. 316 या प्रकारच्या स्टेनलेसमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, तो याला बरंच अडवतो. सुऱ्यांसाठी वापरतात ते 420 स्टील धार छान धरतं, पण गंजाच्या बाबतीत 304 पेक्षाही हळवं. 316 ला तापवून कडक करता येत नाही, त्यामुळे धार लवकर जाते. पण रातांब्याची साल म्हणजे काही सुपारी नव्हे. तेवढी धार पुरते.

खरा प्रश्न खोलीचा होता. एकाच टोपलीत रातांबे लहानमोठे. पातं एका जागी पक्कं केलं तर मोठ्या फळाच्या बिया कापल्या जातात आणि लहान फळावर नुसता ओरखडा उठतो. कापलेली बी वाळताना बुरशी धरते, तेलाला जात नाही. "बी फुटाक नये, ता आदी बघ. मगे बाकीचा," हे सासूबाईंचं एकमेव स्पेसिफिकेशन.

त्या स्वतः न बघता कापतात. एकदा त्यांच्यासमोर बसून नुसते त्यांचे हात पाहिले. सुरीचं टोक बोटांतून जेमतेम सालीच्या जाडीएवढं बाहेर, आणि अंगठ्याचं पेर सालीवर टेकवलेलं. अंगठा टेकला की सुरी त्याच्या पुढे जाऊच शकत नाही. फळ फिरतं, सुरी जागच्या जागी. म्हणजे खोली मोजली जाते ती सालीपासून, मग फळ केवढंही असो. वर्कशॉपमध्ये जाऊन पात्याला तसाच अंगठा लावला: दोन्ही बाजूंना सालीवर टेकणारी गुळगुळीत पट्टी, आणि पातं तिच्या पुढे सालीच्या जाडीएवढंच. आम्ही तिला बूट म्हणतो.

फळ धरायला समोरासमोर दोन वाट्या. त्या मी नायलॉनच्या केल्या होत्या आणि लहान फळ त्यात नुसतं खुळखुळायचं. सासूबाईंनी एक वाटी हातात घेऊन बघितली. "तुजी वाटी घट, माझो हात मऊ," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मग खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ओतून वाट्या केल्या, आतून उभ्या फासळ्या ठेवल्या. अशी वाटी दबते, फळ मध्यावर येतं आणि बुटावर सगळीकडून सारखं दाबलं जातं. हँडल फिरवलं की फळाभोवती चीर पडते, दोन वाट्या उलट दिशांना पीळ देतात, फळ उघडतं आणि बियांचा गोळा खाली ट्रेमध्ये पडतो.

"पेटंट कित्याक? आपणच करून इकूया की," असं सासऱ्यांचं म्हणणं. तेवढ्यात एका कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं बोलावणं आलं. नवऱ्याने ओळखीतून पुण्याच्या एका पेटंट एजंट बाईंचा नंबर मिळवला होता. त्यांना फोन केला तर पहिलंच वाक्य, "ताई, अर्जाचा नंबर हातात येईपर्यंत कुणाला दाखवू नका." अर्जाआधी वस्तू लोकांसमोर मांडली की कायद्याच्या नजरेत ती नवी राहत नाही. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती 12 महिन्यांची सवलत आहे, पण तालुक्याच्या प्रदर्शनाचं नाव राजपत्रात कोण छापणार. त्या वर्षी स्टॉलवर आम्ही आगळच विकलं.

बाईंनी मला गृहपाठ दिला. यंत्र काय करतं ते नको, कुठल्या भागामुळे काय होतं ते लिहा, आणि त्यातलं जे आधी कुणी केलेलं नाही त्याखाली रेघ मारा. मी पान भरून लिहिलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्याच पानाखाली रेघा मारल्या. मग त्यांनी शोध घ्यायला लावला. भारताच्या पेटंट ऑफिसची शोधयंत्रणा फुकट आहे, गूगल पेटंट्स आणि युरोपच्या ऑफिसचं एस्पेसनेटही. रात्री जेवणं आटोपली की मी आणि लॅपटॉप.

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात रंगतदार वाटला तो हा शोध. सफरचंद सोलायच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत मोझेस कोट्स यांना 1803 मध्ये मिळालंय. त्यानंतरचं शतकभर तिकडच्या लोकांना दुसरं काही काम नव्हतं की काय असं वाटावं इतकी सफरचंदाची यंत्रं आहेत, आणि सालीवर टेकून पात्याची खोली राखायची युक्ती त्यांतही सापडते. पीच दोन अर्धांत चिरून, अर्धांना उलटसुलट पीळ देऊन आठळी सोडवणारी कारखान्यातली मोठी यंत्रं आहेत. चेरीच्या नि ऑलिव्हच्या आठळ्या काढणारी तर मोजायचीच सोडून दिली. आपल्याकडेही हे प्रकरण जुनं: पेटंटचा पहिला कायदा 1856 चा, आणि त्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांचा, पंखा ओढायच्या यंत्रासाठी. तेही हाताने करायचं कंटाळवाणं कामच.

माझ्या रेघा एकेक करून पुसल्या गेल्या. पातं जुनं. पीळ जुना. टेकणारी पट्टी जुनी. सिलिकॉनच्या वाट्या तर केकच्या सामानाच्या दुकानातही मिळतात. शेवटी उरली ती बूट आणि वाटी यांची जोडी: वाटी मऊ आहे म्हणून बूट सालीवर सगळीकडे टेकतो, आणि बूट आहे म्हणून वाटीने फळ जोरात दाबलं तरी बी कापली जात नाही. एक काढलं की दुसरं निकामी. पानभर मजकुरातलं नवीन ते एवढंच, दोन ओळींचं.

मधल्या काळात सासूबाईंना वाटलं की यांत्रिक भानगडीपेक्षा आगळाचंच पेटंट काढावं, त्यांचं मिठाचं प्रमाण खास आहे. ते होत नाही. कायद्याच्या कलम 3 मध्ये कशाकशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी आहे, आणि त्यात परंपरेने चालत आलेलं ज्ञान आहे, शेतीची पद्धतही आहे. माझ्या मते हे बरंच आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिलं गेलं होतं, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने पुरावे पुढे करून 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे, त्यामुळे आमच्याकडे ही गोष्ट शेजारघरची असल्यासारखी सांगतात.

आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज केला. त्यात वर्णन आणि आकृती पुरते, क्लेम लागत नाहीत. त्या तारखेला आपला नंबर लागतो आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठी चालत नाही. हे वर्ष आरामाचं नव्हे. आमचा रातांब्याचा एक हंगाम त्यात बसला आणि कामाचे सगळे आकडे त्यातच मिळाले. सिलिकॉनचा कडकपणा शोअर ए या मापाने मोजतात. 20 चं घेतलं तर वाटी लोळते, पीळ देताना फळ आतल्या आत घसरतं. 60 चं घेतलं तर पिकलेला रातांबा चिरडतो. आमचं काम 30 ते 45 च्या मध्ये होत होतं. सालीची जाडी व्हर्नियरने मोजून वहीत टिपली; दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची फळं वेगळी, रानच्या झाडांची वेगळी. बाईंचा आग्रह एकच, जे जे मोजलंय ते सगळं अर्जात घाला. पुढे त्यानेच तारलं.

सासऱ्यांना नेमकं हेच खटकलं. कायदा म्हणतो, शोध वापरायची तुम्हाला ठाऊक असलेली उत्तमातली उत्तम पद्धत उघड करा, हातचं राखून चालणार नाही. "म्हणजे कुलपाची चावी लोकांक दिल्यासारखीच झाली," ते म्हणाले. सौदा आहे तो असाच: तुम्ही सगळं सांगायचं, आणि बदल्यात 20 वर्षं तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला ते करता येणार नाही. ही वर्षंही अर्जाच्या तारखेपासून मोजतात, पेटंट हातात पडतं तेव्हापासून नाही. ज्याची वस्तू उघडून पाहिली तरी कशी केली ते कळत नाही, त्याने खुशाल गुपित ठेवावं. आमचं यंत्र कुठलाही फिटर चहा पिता पिता उघडेल.

ड्रॉइंगची वेगळीच तऱ्हा. डिप्लोमाला मापांशिवाय ड्रॉइंग दिलं असतं तर सरांनी ते तोंडावर फेकलं असतं, आणि पेटंटच्या ड्रॉइंगवर मापं घालायचीच नाहीत असा नियम. ए4 कागद, वर आणि डावीकडे 4 सेंटिमीटर समास, खाली आणि उजवीकडे 3. भागांना फक्त नंबर, आणि वर्णनात बुटाचा जो नंबर तोच सगळ्या आकृत्यांत.

फॉर्म 1 मध्ये संशोधक कोण ते लिहावं लागतं. बूट मी बनवला, मऊ वाटी सासूबाईंनी सुचवली. नवेपणा जोडीत असेल तर संशोधकही दोघी, असं एजंट बाईंनी सरळ सांगितलं. सासूबाई मुळीच तयार नव्हत्या. सगळ्याच बायका तशी कापतात, माझं त्यात काय, असं त्यांचं म्हणणं. बरंच समजावल्यावर चष्मा लावून, आधारवर आहे तसं पूर्ण नाव काढून त्यांनी सही केली, आणि बजावलं, "सही करतंय, पण कोर्टात येवचंय नाय हां." दोघी बायका अर्जदार असल्याचा फायदाही झाला: महिला अर्जदारांना लवकर तपासणी मागता येते, ही 2019 च्या नियमांतली सोय. एरवी तपासणीच्या मागणीला आता 31 महिन्यांची मुदत आहे. 2024 च्या बदलाआधी ती 48 होती, आणि लोक शेवटपर्यंत थांबायचे.

मग आला फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट, म्हणजे पेटंट ऑफिसच्या तपासणीचा पहिला अहवाल, ज्याला सगळे एफईआर म्हणतात. वाचून मला वाटलं, फेटाळलंच. बाई हसल्या. आक्षेप न काढलेला एफईआर त्यांनी क्वचितच पाहिला होता. आक्षेप दोन होते महत्त्वाचे. पीचवालं यंत्र आणि सफरचंदवाली पट्टी एकत्र केली की तुमचं यंत्र होतं, या कामातल्या जाणकाराला ते सहज सुचेल, हा एक. दुसरा कलम 3(एफ) चा: माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडामांड, ज्यात प्रत्येक भाग आपापलं काम स्वतंत्रपणे करतो, ती शोध ठरत नाही. उत्तराला 6 महिने मिळतात.

आमची वही इथे उपयोगी पडली. कडक वाटी आणि बूट. मऊ वाटी, बुटाशिवाय. मऊ वाटी आणि बूट. तिन्ही जोड्यांनी फोडलेल्या रातांब्यांतल्या कापल्या गेलेल्या बियांचा हिशेब त्यात होता, आणि पहिल्या दोन्ही जोड्या वाईट होत्या. भाग स्वतंत्रपणे काम करत असते तर निदान एकीने तरी बरा निकाल दिला असता. उत्तराचं कायदेशीर गद्य बाईंचं, तक्ता माझा.

सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली. आमचं ऑफिस मुंबईचं, अँटॉप हिलला; पण मी त्याची पायरी अजून चढलेले नाही. जुलै महिना, सकाळपासून कोसळत होता आणि लाइट गेलेली, म्हणून नवऱ्याच्या मित्राच्या मोबाइल दुकानात इन्व्हर्टरवर बसले. मागे गिऱ्हाइकांची रिचार्जची घाई. पेटंट द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या कंट्रोलर साहेबांनी शांतपणे विचारलं, वाटी इतकी मऊ आहे तर बूट हवा कशाला? रातांब्यांचा हंगाम सरला होता. मी पिशवीतून लिंबू काढलं, मऊ वाटीत बसवलं आणि कॅमेऱ्यासमोर पातं बुटाशिवाय दाबलं. पातं थेट मध्यापर्यंत गेलं, रस त्या दुकानदाराच्या काउंटरवर. मग बूट लावून दुसरं लिंबू. सालीला गोल चीर, आतल्या फोडी शाबूत. कायद्याने प्रात्यक्षिकाला किती वजन असतं ते वकील जाणोत, पण पुढचा प्रश्न वेगळा आला: कडकपणाचे आकडे आणि फासळ्या तुम्ही खालच्या क्लेममध्ये घातल्या आहेत, त्या पहिल्या क्लेममध्ये आणायला तयार आहात का?

हाच खरा व्यवहाराचा क्षण. पहिला क्लेम जितका मोठा तितकं कुंपण मोठं. त्यात एकेक अट घातली की कुंपण आत सरकतं. पण मूळ अर्जात जे नाही ते मागाहून घुसवता येत नाही, आणि आकडे मुळात होते म्हणूनच निदान आत सरकायला जागा होती. तयार झालो. सुनावणीनंतर 15 दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, ते दिलं. पेटंट मंजूर झाल्याचं ईमेलने कळलं, प्रमाणपत्र म्हणजे एक पीडीएफ. शुक्रवारी निघणाऱ्या पेटंटच्या जर्नलमध्ये नाव आलं, ते नवऱ्याने शंभर जणांना पाठवलं. सासऱ्यांनी प्रिंट काढून देवाशेजारी लावली.

त्यानंतरची कामं कंटाळवाणी आहेत. तिसऱ्या वर्षापासून सहाव्यापर्यंत दरवर्षी 800 रुपये, पुढे टप्प्याटप्प्याने वाढत जातात. पेटंट वापरात आहे की नाही याचा फॉर्म 27, आता दर तीन आर्थिक वर्षांनी एकदा. यंत्रावर नुसतं 'पेटंटेड' लिहून उपयोग नाही, नंबर हवा. तो नसेल तर नक्कल करणारा 'मला माहीतच नव्हतं' म्हणून भरपाईतून सुटू शकतो. आम्ही नंबर पंचने पत्र्यावर ठोकतो.

नक्कल झालीच. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या तालुक्यात एकाने बूट हुबेहूब उचलून कडक रबराच्या वाट्या लावल्या. मी तावातावाने फोन लावला. बाईंनी क्लेम वाचून दाखवला: 30 ते 45, फासळ्यांसह. त्याचं यंत्र कुंपणाबाहेर. सासूबाई मात्र त्याच्याकडे फोडलेल्या बिया बघून आल्या होत्या आणि निवांत होत्या, "बी फोडता ता." उद्या कुणी मऊ वाटीही उचलली तर दावा निदान जिल्हा न्यायालयात लावावा लागेल, म्हणजे आमच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, आणि वकिलाची फी यंत्राच्या नफ्यातून निघणार आहे का हा हिशेब आधी. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचं पेटंट एली व्हिटनी यांना 1794 मध्ये मिळालं. यंत्र इतकं सोपं की लोकांनी धडाधड नकला केल्या. त्यांची वर्षं खटल्यांत गेली आणि 1807 मध्ये पेटंटची मुदतही संपली. आमच्या यंत्राची किंमत कमी ठेवण्यामागे हा विचार आहे. नक्कल करून फार काही सुटणार नसेल तर कोण करील?

आता पायाने चालवायचं मॉडेल झालंय, दोन्ही हात फळं भरायला मोकळे. आपल्याच पेटंटातली सुधारणा असेल तर 'पेटंट ऑफ ॲडिशन' मागता येतं. त्याला वेगळी वार्षिक फी नाही, फक्त मुदत मूळ पेटंटाबरोबरच संपते. त्याचे कागद बाईंकडे गेलेत. त्यात मोटर घालायची की नाही यावर घरात एकमत नाही. सासरे म्हणतात घाल, सासूबाई विचारतात लाइट गेल्यावर काय. क्लेममध्ये मी दोन्ही प्रकार घातलेत.